कॅनिंग स्टॉक रूट : वाळवंटातील विहिरींचा मार्ग आणि त्यांच्या पाण्याचे मालक

पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यातील विलुना आणि हॉल्स क्रीक या दोन गावांमधला कॅनिंग स्टॉक रूट हा सुमारे १,८५० किलोमीटर लांबीचा मार्ग आहे. फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या वाहनांनी पार करावयाच्या जगातील अतिशय लांब आणि खडतर मार्गांमध्ये त्याची गणना होते. लिटल सँडी, गिब्सन आणि ग्रेट सँडी ही वाळवंटे ओलांडताना वाहनाला वाळूच्या सुमारे ९०० टेकड्या पार कराव्या लागतात. संपूर्ण प्रवासास साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. मार्ग कोठेही डांबरी नाही. मात्र तो मुळात वाहनांसाठी आखलेला नव्हता. गुरांचे कळप हाकत नेता यावेत म्हणून खोदलेल्या विहिरींची ती एक रांग आहे.

मार्गाची आखणी

विसाव्या शतकाच्या आरंभी राज्याच्या दक्षिणेकडील सोन्याच्या खाणींच्या प्रदेशात मांसाला मोठी मागणी होती. उत्तरेकडील पूर्व किम्बर्ली भागातील गुरांना गोचिडांची बाधा असल्याने त्यांच्या वाहतुकीवर निर्बंध होते. कोरड्या वाळवंटातून दीर्घ प्रवास झाल्यास गोचीड तग धरणार नाहीत आणि निरोगी गुरे दक्षिणेत पोहोचतील, असा विचार पुढे आला. त्यानुसार १९०६ मध्ये राज्य सरकारने सर्वेक्षक आल्फ्रेड कॅनिंग यांच्याकडे मार्ग शोधण्याचे काम सोपविले. आठ माणसे, २३ उंट आणि दोन घोडे घेऊन त्यांचे पथक विलुनाहून निघाले. १९०८ ते १९१० या काळात दुसऱ्या मोहिमेने ७० उंटांच्या साहाय्याने विहिरी बांधल्या. मार्गावरील जलस्थानांचे क्रमांक ५१ पर्यंत जातात.

या कामात उंट अपरिहार्य होते. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियात आलेल्या उंटांचा मोठा भाग तत्कालीन ब्रिटिश हिंदुस्थानातून, मुख्यत्वे कराची बंदरातून गेला होता. तेथे ‘अफगाण’ या एकाच नावाने ओळखल्या गेलेल्या उंटवानांमध्ये बलुचिस्तान, सिंध, पंजाब आणि राजस्थान येथील माणसेही होती.

पाणी कोणी दाखविले

वाळवंटातील पाणी वरून दिसत नाही. वाळूखालचे झरे आणि कातळातील साठे मार्टू, वाल्मजारी आणि इतर आदिवासी समाजांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक पाणवठ्याला नाव, आख्यान आणि सांभाळ करणारे कुटुंब होते. कॅनिंग यांच्या पथकाने आदिवासींना पकडून साखळ्यांनी बांधले आणि त्यांच्याकडून पाण्याच्या जागा काढून घेतल्या. पथकातील स्वयंपाकी एडवर्ड ब्लेक यांच्या तक्रारीवरून १९०८ मध्ये चौकशीसाठी शाही आयोग नेमण्यात आला. साखळ्यांचा वापर कॅनिंग यांनी आयोगासमोर मान्य केला. तरीही आयोगाने त्यांना दोषमुक्त ठरविले आणि विहिरी खोदण्याचे काम पुढे चालू राहिले.

अनेक विहिरी आदिवासींच्या जुन्या पाणवठ्यांवरच बांधल्या गेल्या. लाकडी चौकट बसवलेल्या खोल विहिरींतून जड बादलीने पाणी ओढणे गुराख्यांना सोयीचे होते; पण ज्यांचे ते पाणी होते, त्यांना तेथपर्यंत पोहोचणे अवघड झाले. पुढे विहिरींची मोडतोड झाली. १९११ मध्ये पहिल्या कळपांपैकी एकाबरोबर निघालेले थॉमसन आणि शूस्मिथ हे गुराखी मारले गेले. १९११ ते १९३१ या वीस वर्षांत केवळ आठ कळप या मार्गाने गेले. विहिरींची दुरुस्ती झाल्यावर वापर काहीसा वाढला आणि १९५९ मध्ये शेवटचा कळप हाकला गेला.

वाहनांचे आगमन

१९६८ मध्ये सर्वेक्षकांच्या एका गटाने लँड रोव्हर वाहनांतून हा मार्ग प्रथमच पूर्ण पार केला. पुढील दशकांत साहसी प्रवाशांची संख्या वाढत गेली. प्रवास प्रामुख्याने मे ते सप्टेंबर या थंड महिन्यांत केला जातो. उन्हाळ्यातील उष्णता जिवावर बेतू शकते.

मऊ वाळूत इंजिनाच्या शक्तीपेक्षा टायरमधील हवेचा दाब अधिक महत्त्वाचा ठरतो. डांबरी रस्त्यावर असणारा दाब निम्म्यापर्यंत उतरविल्यास टायर पसरतो, वाहनाचे वजन अधिक जागेवर विभागले जाते आणि चाक वाळूत रुतण्याऐवजी तिच्यावरून पुढे सरकते. दाब न उतरविता जोर लावल्यास चाके वाळू उकरतात. त्यामुळे वाहन अडकतेच, शिवाय मागून येणाऱ्यांसाठी वाट खराब होते. जड ट्रेलर ओढल्याने हे नुकसान वाढते, म्हणून ते नेऊ नयेत असा सल्ला दिला जातो. टेकडीच्या पलीकडून येणारे वाहन दिसत नसल्याने वाहनाच्या पुढील भागावर उंच काठीला भडक रंगाचे निशाण लावले जाते आणि रेडिओ सतत सुरू ठेवला जातो.

मार्गाच्या मध्यभागात इंधनाची मुख्य सोय कुनावरित्जी या आदिवासी वस्तीत आहे. वाळूत इंधनाचा वापर वाढतो. त्यामुळे तेथपर्यंतचा आणि तेथून पुढचा हिशेब आधीच मांडावा लागतो. अनेक विहिरी ढासळलेल्या किंवा कोरड्या आहेत. पिण्याचे पाणी, सुटे भाग आणि उपग्रह दूरध्वनी बरोबर असणे आवश्यक ठरते. स्पिनिफेक्स नावाचे काटेरी, चटकन पेट घेणारे गवत वाहनाच्या तप्त धुराड्याभोवती साचल्यास आग लागते, म्हणून प्रवासी वाटेत वारंवार थांबून वाहनाखालचे गवत काढतात.

परवानगी आणि मालकी

२००२ मध्ये न्यायालयाने मार्टू समाजाचा सुमारे १,३६,००० चौरस किलोमीटर भूमीवरील पारंपरिक हक्क मान्य केला. मार्गाच्या इतर भागांवरही आदिवासी समाजांचे असे हक्क मान्य झाले आहेत. त्यामुळे या भूमीतून जाण्यासाठी परवाना घ्यावा लागतो. डर्बा स्प्रिंग्स येथे प्रवासी मुक्काम करतात. परंतु जवळच्या किलागुरा घळीत पवित्र स्थाने असल्याने तेथे परवानगीविना जाता येत नाही. मार्गालगतच्या विस्तीर्ण खाऱ्या सरोवराचे ‘लेक डिसअपॉइंटमेंट’ हे नाव १८९७ मध्ये गोड्या पाण्याच्या आशेने आलेल्या शोधक फ्रँक हॅन यांच्या निराशेतून पडले होते. २०२० मध्ये त्याला ‘कुम्पुपिन्तिल’ हे मार्टू नाव अधिकृतपणे देण्यात आले.

२०१० मध्ये कॅनबेरा येथील राष्ट्रीय संग्रहालयात या मार्गाचा इतिहास तेथील आदिवासींच्या चित्रांतून आणि कथनांतून मांडणारे ‘यिवारा कुजू’ म्हणजे ‘एक वाट’ हे प्रदर्शन भरले होते. सरकारी नकाशात विहिरी क्रमांकांनी ओळखल्या जातात. या चित्रांत त्याच जागा आपापल्या मूळ नावांनी आल्या होत्या. परवाना घेऊन निघालेल्या आजच्या प्रवाशाचा मुक्काम अनेकदा अशाच एखाद्या जागेवर असतो. मुक्काम हलविताना कचरा परत नेणे, आखलेल्या वाटेबाहेर वाहन न घालणे आणि पाण्याजवळ साबण न वापरणे, हे संकेत तेथे पाळले जावेत, अशी अपेक्षा असते.