पहिल्या रात्रीची पाटी

अ‍ॅनिमे बघणाऱ्यांना ‘तोनिकाकु कावाई’ ठाऊक असेल. केन्जिरो हाता यांच्या मांगावरून २०२० साली आलेली मालिका. नासा आणि त्सुकासा लग्न करून मोकळे होतात, आणि हात कसा धरायचा, ‘तू मला आवडतेस’ हे कुठल्या तोंडानं म्हणायचं, याची शिकवणी त्यानंतर सुरू होते. सगळी गंमत त्या उलट्या क्रमात आहे. हेच आपल्याकडच्या एखाद्या आजीला सांगा, ती विचारेल, यात उलटं काय? आधी लग्न, मग ओळख, हाच तर रिवाज होता!

माझं संशोधन या दुसऱ्या टप्प्यावर आहे. एकोणिसाव्या शतकातलं नवं मराठी जोडपं एकमेकांशी बोलायला कसं शिकलं? आज दोन बायकांबद्दल लिहितेय, एक पुण्याच्या वाड्यातली आणि एक बुलढाण्याची.

आधी नावाचं बघू. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, अशी समजूत. मग हाक मारायची तर वऱ्हाडात ‘अवो’, किंवा पोर झाल्यावर ‘अमक्याचे बाबा’. शिकल्यासवरल्या ब्राह्मण घरांत ‘इकडून’, ‘स्वारी’. वर्षभर जे नाव तोंडात आणायचं नाही, तेच लग्नात, हळदीकुंकवात उखाण्यातून सगळ्यांसमोर घ्यायला लावायचं. उखाण्याची पहिली ओळ चांदीच्या ताटाबद्दल असो की दारातल्या तुळशीबद्दल, बायका कान टवकारून असतात ते दुसऱ्या ओळीतल्या नावासाठी. म्हणजे प्रेम दाखवायला बंदी नव्हती, ते चारचौघांत, यमकात बसवून दाखवायचं होतं. अडचण होती ती दोघंच असताना. तिथलं बोलणं कुणीच शिकवलेलं नव्हतं.

त्या दोघांतल्या बोलण्याचं सर्वात तपशीलवार वर्णन मला सापडतं ते रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’मध्ये (१९१०). लग्न १८७३चं. ती ११ वर्षांची, न्यायमूर्ती ३१ वर्षांचे. त्यांची पहिली बायको त्याच वर्षी गेलेली. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता माणूस, त्यानं विधवेशी लग्न करावं अशी मित्रांची अपेक्षा. पण वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून त्यांनी एका लहान मुलीशी लग्न केलं. पहिल्याच रात्री त्यांनी तिला विचारलं, मी कोण, माझं नाव काय, माहीत आहे का? तिनं सांगितलं. बघा हं, जे नाव घ्यायचं नसतं तेच नवरा स्वतः घ्यायला लावतोय, उखाण्याशिवाय! मग लिहिता-वाचता येतं का, हा प्रश्न. येत नव्हतं. त्याच रात्री पाटी-पेन्सिल आली आणि धडा सुरू झाला.

मला हा प्रसंग वाचताना दर वेळी दोन गोष्टी एकदम वाटतात. एक, हे खरंच हळवं आहे. दोघांना एकमेकांशी बोलायला विषयच नाही, तर विषय म्हणून अक्षरं घेतली. दिवसा घरातल्या बायका वाचण्यावरून टोमणे मारायच्या, रात्री वरच्या खोलीत वाचन चालायचं. नवऱ्याबरोबरचा एकांत आणि पुस्तक, दोन्ही तिला एकाच वेळी मिळालं. दुसरं, शिकायचं फक्त तिनं. एकदा घरातल्या जुन्या वळणाच्या बायकांचं ऐकून ती त्यांच्या मनाविरुद्ध वागली, तर न्यायमूर्ती रागावले नाहीत, नुसता अबोला धरला. ती रात्री नेहमीसारखं त्यांच्या तळपायाला तूप चोळत बसली. त्या अबोल्यानं ती किती कासावीस झाली, ते तिनंच लिहिलंय. माया कशी दाखवायची हे तिला एव्हाना कळलं होतं, ती कशी काढून घ्यायची हे त्यांना आधीपासून येत होतं. (न्यायमूर्तींचे भक्त रागावतील, रागावोत.)

आणि हे तर चांगलं उदाहरण! आनंदीबाई जोशींना शिकवताना गोपाळरावांनी हात उगारायलाही कमी केलं नव्हतं, आणि त्यांनी अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रात त्या माराची आठवण नवऱ्याला करून दिली.

आता बुलढाणा. तेव्हा वऱ्हाड हैदराबादच्या निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेलं, आणि बुलढाणा जिल्ह्याचं ठिकाण. तिथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत बापूजी हरी शिंदे नोकरीला, सत्यशोधक समाजाचे. त्यांची मुलगी ताराबाई. नवरा घरजावई, म्हणजे नवी नवरी होऊन परक्या घरात जाणं तिच्या वाट्याला आलंच नाही. तिच्याकडे मी येते ती यासाठी. सासरच्या चुलीमागे राहून जे बोलता येत नाही, ते बापाच्या घरात राहून लिहिता येतं, असा माझा अंदाज आहे.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली, आणि वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्यावर चर्चा रंगली. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं, १८८२ साली पुण्यात छापून घेतलं. पुस्तक विधवांसाठी म्हणून सुरू होतं, पण फार लवकर ते नवरा-बायकोवर येतं. नवरा देव म्हणता ना, मग त्यानं देवासारखं वागायला नको का? बायको मेली की पुरुषानं खुशाल दुसरी करावी, आणि नवरा मेला की बाईनं कोपऱ्यात बसावं, हे कुठलं? आणि म्हाताऱ्यांना कोवळ्या पोरी देणारे बाप! भाषा तर बोलल्यासारखी, दारात उभं राहून भांडल्यासारखी.

रमाबाईंच्या पानांत एक प्रश्न कुठेच येत नाही: नवऱ्यानं काय शिकायचं? ताराबाईंचं सगळं पुस्तक तोच प्रश्न आहे. ती पुरुषाकडून माया मागत नाही, आधी हिशेब मागते. वाचताना असं जाणवतं, की हिशेब चुकता झाल्याशिवाय मायेचं बोलणं तिला ढोंग वाटतं. मला तिचं म्हणणं पटतं, पण पाटीवरची ती अक्षरंही खोटी वाटत नाहीत. माझ्या प्रकरणाचा मसुदा गेले दोन महिने इथंच अडलाय.

जोतिराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, कारण सुधारक मंडळीही पुस्तकावर नाराज होती. ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही. पहिलंही हरवल्यासारखंच झालं होतं, स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली, म्हणजे ९३ वर्षांनी, पुन्हा छापलं.