किल्लीची किंमत आणि महिन्याचं बिल

आज आपण घराबद्दल बोलू या. पण घराच्या सजावटीबद्दल नाही, घराच्या हिशोबाबद्दल. घराचे पैसे आपण दोनदा देतो. एकदा किल्ली हातात घेताना आणि नंतर महिन्याच्या महिन्याला, विजेच्या नि गॅसच्या बिलातून. पहिल्या किमतीची चर्चा अख्खं घर करतं. दुसरी किंमत मात्र घर चालवणारी बाई एकटीच मोजत बसते.

शहरांत आता 'नेट झिरो' इमारतींच्या जाहिराती दिसतात. नेट झिरो म्हणजे वर्षभरात जेवढी ऊर्जा वापरली, तेवढी त्या घरानं स्वतः तयार करून भरून काढायची. ऐकायला नवीन वाटतं, पण या कल्पनेला पन्नास वर्षांचा इतिहास आहे. तो थंड देशांत घडला. काय टिकलं, काय मोडलं आणि पैसे कोणी भरले, हे त्यातून नीट कळतं.

सुरुवात झाली १९७३ साली. त्या वर्षी अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला आणि तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले. थंड देशांत घर गरम ठेवायला तेल किंवा गॅस जाळावा लागतो. तिथं ती चैन नाही, चुलीइतकीच गरज आहे. त्यामुळे भाववाढीचा फटका थेट घराच्या खर्चाला बसला. १९७५ साली डेन्मार्कमधल्या तंत्र विद्यापीठात एक 'शून्य ऊर्जा घर' उभं राहिलं. १९७७ साली कॅनडातल्या रेजायना या गावी दुसरं घर झालं. तिथं हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांच्याही खाली जातो. सरकारला हवं होतं सूर्याच्या उष्णतेवर चालणारं घर. पण हॅरॉल्ड ऑर आणि त्यांचे सहकारी अभियंते हिशोब करत बसले, तेव्हा त्यांना वेगळंच दिसलं. ऊब तयार करण्यापेक्षा आहे ती ऊब बाहेर जाऊ न देणं कितीतरी स्वस्त पडतं.

आपल्याला हे नवीन नाही. भात अर्धाकच्चा असताना पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवलं की तो आपोआप मुरतो. गॅस बंद असतो, ऊब मात्र आतच राहते. त्या अभियंत्यांनी अख्ख्या घराला अशी गोधडी घातली. भिंती साधारण एक फूट जाड केल्या, त्यांच्या आत उष्णता अडवणारा थर भरला, फटी बुजवल्या. पण फटी बुजवल्या की हवा कोंदते. म्हणून एक साधी युक्ती केली. घरातली शिळी गरम हवा बाहेर जाताना, बाहेरून येणारी ताजी थंड हवा तिच्या शेजारून आत आणली. मधे पातळ पडदा. हवा एकमेकींत मिसळत नाही, पण जाणारी हवा आपली ऊब येणाऱ्या हवेला देऊन जाते. त्या घरात भट्टी लागलीच नाही. सूर्याची उष्णता साठवणारी यंत्रणा मात्र महाग आणि कटकटीची निघाली. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. पुढंही असंच घडलं आहे.

कॅनडात हे घर बघायला हजारो लोक आले. पण तेल पुन्हा स्वस्त झालं आणि बांधकामवाले ते विसरले. कल्पना पुढं नेली जर्मनीनं. वोल्फगांग फाइस्ट या शास्त्रज्ञानं स्वीडनच्या बो आडाम्सन यांच्याबरोबर विचार करून डार्मश्टाट शहरात चार घरांची एक ओळ बांधली. १९९१ साली चार कुटुंबं राहायला आली. त्यांत फाइस्ट यांचंही कुटुंब होतं. खिडक्यांना तीन-तीन काचा होत्या, छतावर दीड फुटाच्या आसपास थर होता. यातूनच 'पॅसिव्ह हाउस' हा दर्जा ठरला. घर गरम ठेवण्यासाठी वर्षाला एका चौरस मीटरमागे १५ युनिटांपेक्षा जास्त उष्णता लागता कामा नये, अशी त्याची अट. म्हणजे हजार-अकराशे चौरस फुटांच्या घराला वर्षाकाठी साधारण १५० लिटर तेल पुरतं. जुन्या घरांना त्याच्या दहापट आणि त्याहूनही जास्त लागत असे.

आता खर्चाचं बोलू. डार्मश्टाटच्या त्या पहिल्या घरांना जादा खर्च भरपूर आला, कारण तशा खिडक्या बाजारात मिळतच नव्हत्या. चौकटींना उष्णता अडवणारा फेस हातानं लावावा लागला. राज्य सरकारनं मदत केली म्हणून ते जमलं. पुढं कारखान्यांत तशा खिडक्या बनू लागल्या आणि जादा खर्च एकूण किमतीच्या काही टक्क्यांवर आला.

काही टक्के म्हणजे थोडेच, असं वाटेल. पण बचतगटातल्या बायकांना व्याज शिकवायला नको. समजा, घर ४० लाखांचं आहे आणि जादा खर्च पाच टक्के, म्हणजे २ लाख. समजा, त्यामुळे महिन्याला १,५०० रुपये वाचतात. वर्षाचे झाले १८,०००. पण ते २ लाख नऊ टक्क्यांनी कर्जाऊ घेतले असतील, तर पहिल्या वर्षाचं व्याजच १८,००० होतं. वाचलेलं सगळं व्याजात गेलं, मुद्दल जागच्या जागी. तेच कर्ज तीन टक्क्यांनी मिळालं, तर व्याज ६,००० आणि हातात १२,०००. म्हणजे असं घर परवडतं की नाही, हे विटा-सिमेंटइतकंच व्याजाच्या दरावर ठरतं. जर्मनीत १९४८ साली स्थापन झालेली सरकारी विकास बँक कमी ऊर्जेच्या घरांना सवलतीनं कर्ज देत आली. जर्मनीत ही घरं पसरली त्यामागं नुसती हुशारी नव्हती, स्वस्त कर्जही होतं.

आता लंडनला जाऊ. शहराच्या दक्षिणेला, सटन भागात, एका जुन्या मैलापाणी केंद्राच्या जागेवर २००२ साली 'बेडझेड' ही वसाहत पुरी झाली. वास्तुविशारद होते बिल डन्स्टर, सोबत बायोरीजनल ही संस्था आणि पैसा पीबॉडी या गृहनिर्माण संस्थेचा. पीबॉडी ही १८६२ साली लंडनच्या गरिबांना चांगली घरं मिळावीत म्हणून निघालेली संस्था. त्यामुळे बेडझेडमधली घरं फक्त श्रीमंतांसाठी नव्हती. निम्मी विक्रीला, पाव हिस्सा भाग-मालकीची आणि पाव हिस्सा कमी भाड्याची. सगळी एकाच ओळीत, एकाच जाडीच्या भिंतींची. मला या इतिहासातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

सोई कोणत्या मिळाल्या? हिवाळ्यात खिडकीशी बसलं तरी गार वारा लागत नाही. भिंतींना ओल धरत नाही. वीज-पाण्याचे मीटर स्वयंपाकघरात, डोळ्यांसमोर. काही वर्षांनी मोजणी झाली, तेव्हा घर गरम ठेवायला लागणारी ऊर्जा आसपासच्या सरासरीपेक्षा सुमारे ८० टक्के कमी निघाली आणि वीज जवळजवळ निम्म्यावर आली. आणखी एक मोजणी झाली, ती मला फार आवडते. इथला रहिवासी सरासरी वीस शेजाऱ्यांना नावानं ओळखत होता, आसपासच्या भागात हा आकडा आठ होता. कारण वसाहतीत गाड्यांपेक्षा माणसांना वावरायला जागा ठेवली होती.

आणि मोडलं काय? लाकडाच्या ढलप्यांवर वीज आणि गरम पाणी दोन्ही देणारं सामायिक यंत्र बसवलं होतं. ते सारखं बिघडे. शेवटी २००५ साली ते बंद पडलं आणि गॅसचे बॉयलर आले. मग कसलं नेट झिरो! सांडपाणी झाडांच्या मुळांतून शुद्ध करणारी यंत्रणाही परवडेना, तीही थांबली. दक्षिणेकडच्या काचेच्या खोल्या हिवाळ्यात छान उबदार, पण उन्हाळ्यात तापायच्या. भिंती, खिडक्या, छप्पर यांनी आपलं काम मुकाट केलं. दगा दिला तो रोज निगा मागणाऱ्या यंत्रानं. रेजायनातही असंच झालं होतं.

यानंतर इंग्लंडमध्ये एक धडा घडला, तो धोरणाचा. २००६ साली सरकारनं जाहीर केलं की २०१६ पासून प्रत्येक नवीन घर शून्य-कार्बन असेल. बांधकामवाल्यांना दहा वर्षांची मुदत दिली. पण मुदत संपायच्या तोंडावर, २०१५ च्या जुलैमध्ये, सरकारनं तो नियमच रद्द केला. घरं स्वस्तात आणि पटापट बांधली जावीत, हे कारण दिलं. किल्लीची किंमत थोडी कमी राहिली असेल. मग गॅसचे भाव भडकले. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या साधारण घराच्या वार्षिक बिलाची सरकारमान्य मर्यादा एका झटक्यात ५४ टक्क्यांनी वाढून १,९७१ पाउंडांवर गेली. मधल्या वर्षांत बांधलेल्या लाखो घरांत राहणाऱ्यांनी ते बिल भरलं. नियम रद्द करणाऱ्यांना त्या घरांत राहायचं नव्हतं.

त्यात सर्वांत जास्त पोळली ती आधी पैसे भरायचे मीटर असलेली घरं. अशा मीटरचं रिचार्ज संपलं की घर गार पडतं. हे मीटर बहुतेक गरिबांच्या घरी. मुलं शाळेतून यायच्या वेळेला तासभर हीटर लावायचा, एरवी पांघरुणं घेऊन बसायचं, असे हिशोब तिथल्या आया करत होत्या. पातळ भिंतीची किंमत आई अशी भरते.

यावर एक तोड फ्रँकफर्ट शहरानं काढली. शहराच्या मालकीच्या गृहनिर्माण कंपनीनं २०१५ साली ७४ घरांची एक लांबलचक इमारत उभी केली. छतावर आणि दक्षिणेच्या भिंतीवर सौर पट्ट्या आहेत. जवळून वाहणाऱ्या गटाराच्या पाण्यातली उष्णता घेऊन घरं गरम होतात. पण खरी युक्ती भाड्यात आहे. ऊब आणि ठरावीक मर्यादेपर्यंतची वीज भाड्यातच धरली. मर्यादेच्या वर गेलं तर जादा पैसे. एरवी काय होतं? जाड भिंतीचा खर्च मालक करतो आणि बिल भाडेकरू भरतो. मग मालक खर्च कशाला करील? इथं बिलही मालकाच्याच अंगावर आलं, त्यामुळे भिंत जाड करणं त्याच्याच फायद्याचं झालं.

आता हे आपल्याला कशाला, असं तुम्ही विचाराल. आपल्याकडे घर गरम ठेवायचं नाही, गार ठेवायचं आहे. पण गोधडीचं तत्त्व तेच. बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही. शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला विचारा, एप्रिलमध्ये स्लॅब काय करतो ते. आपल्या केंद्र सरकारनं २०१८ च्या डिसेंबरमध्ये राहत्या इमारतींसाठी 'इको निवास संहिता' काढली. भिंत, छप्पर, खिडक्या यांतून किती उष्णता आत यावी, हे त्यात सांगितलं आहे. २०२४ साली सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत सोसायट्यांच्या सामायिक विजेसाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी, सौर पट्ट्यांना किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान ठरलं.

म्हणून आपल्यापैकी कोणी, किंवा कोणाची मुलगी-सून, शहरात घर बघायला गेली, तर नेट झिरोच्या पाटीला भुलू नये आणि घाबरूही नये. चार प्रश्न विचारावेत. एक, छप्पर आणि पश्चिमेची भिंत कशी बांधली आहे, खिडकीवर सावलीला छज्जा आहे का? दोन, वाचणारी वीज कोणाच्या बिलातून कमी होणार, माझ्या की सोसायटीच्या? तीन, सामायिक यंत्रं कोण सांभाळणार, दहा वर्षांनी ती बदलायचे पैसे कुठून येणार? चार, जादा किमतीवरचं व्याज आणि महिन्याची बचत यांत मोठं काय?

या चार प्रश्नांत भिंतीचा प्रश्न मी पहिला ठेवला आहे. कारण सौर पट्टी नंतरही बसवता येते, यंत्र बदलता येतं. भिंत मात्र एकदाच उभी राहते आणि पुढची पन्नास वर्षं दर महिन्याच्या बिलात दिसत राहते. घर बघायला जाताना पैसे भरणारा माणूस पुढं असतो हे खरं. पण त्या घरात दुपारी बारा ते चार कोण असतं? तिला बरोबर न्या आणि तिला विचारू द्या.