शनिवार तेली आणि तालमूद : पैसा-जमिनीचे ज्यू नियम काय शिकवतात?

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना नागाव लागतं. नारळी-पोफळीच्या वाड्या, विहिरी आणि आता जागोजागी होमस्टे. याच किनारपट्टीवर बेने इस्रायली ज्यू शेकडो वर्षं राहिले. तेलाचे घाणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय. शब्बाथमुळे शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत.

ज्यू धर्मात पैसा आणि मालमत्तेचे नियम बारकाईने सांगणारा ग्रंथ म्हणजे तालमूद. त्यात नेमकं काय आहे?

नागाव की नवगाव?

ही दोन नावं ऐकताना गोंधळ होतो. बेने इस्रायलींच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागच्या उत्तरेला नवगावजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज गावोगाव पसरले आणि किहीमकर, रोहेकर, पेणकर अशी आडनावं लावू लागले. जहाज फुटलं तेव्हा धर्मग्रंथही बुडाले, असं परंपरा सांगते. शब्बाथ, सुंता आणि खाण्याचे नियम टिकले; तालमूदची ओळख मात्र बऱ्याच उशिरा, बाहेरच्या ज्यूंशी संपर्क आल्यावर झाली.

तालमूद म्हणजे काय?

इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेली मिश्ना ही नियमावली आणि तिच्यावर पुढची काही शतकं झालेली चर्चा, म्हणजे तालमूद. बावा कामा, बावा मेत्सिया आणि बावा बात्रा या तीन भागांत नुकसानभरपाई, व्यवहार आणि मालमत्ता यांचे नियम येतात.

मापं कधी पुसायची?

दुकानदाराने मापं आठवड्यातून दोनदा आणि वजनं एकदा पुसावीत, तराजू तर प्रत्येक वजनानंतर. कारण साधं आहे. मापाला तेल चिकटून राहिलं, तर गिऱ्हाइकाला तेवढं कमी मिळतं. लबाडी करायचा हेतू नसला तरी नुकसान होतंच.

बाजारभावापेक्षा बरोबर एक षष्ठांश जास्त घेतलं, तर सौदा टिकतो पण जादा रक्कम परत करावी लागते. त्याहून जास्त घेतलं, तर सौदा मोडता येतो. जमिनीला हा नियम लागू नाही. शिवाय विकत घ्यायचं मनातच नसेल, तर उगाच भाव विचारून विक्रेत्याला आशा लावणंही चूक मानलं आहे.

शेजाऱ्याची विहीर

झाड लावायचं, तर दुसऱ्याच्या विहिरीपासून २५ अमा, म्हणजे साधारण १२ मीटर दूर. मुळांनी विहीर ढासळू नये म्हणून. विहीर आधीची असेल, तर झाड तोडायचं पण मालकाला भरपाई द्यायची. झाड आधीचं असेल, तर तोडायचं नाही. यावर रब्बी योसे यांचा आक्षेप असा, की हा आपल्या जागेत खणतो, तो आपल्या जागेत लावतो. मग बंधन कशाला? तालमूदने हे वेगळं मतही जपून ठेवलं आहे.

जमीन विकताना तिला लागून असलेल्या शेजाऱ्याचा खरेदीवर पहिला हक्क असतो. जे योग्य आणि चांगलं ते करा, या धर्माज्ञेवर तो आधारलेला आहे.

सापडलेले पैसे कुणाचे?

विखुरलेली नाणी सापडली तर ती सापडणाऱ्याची, कारण ती ओळखायची कशी? पण नाणी थैलीत असतील, तर दवंडी द्यायची. खूण सांगता येते, तिथे मालकाचा हक्क संपत नाही.

कायद्याच्या एक पाऊल पुढे

बावा मेत्सियामध्ये एक प्रसंग येतो. हमालांकडून एका विद्वानाचा दारूचा रांजण फुटला. त्याने भरपाई म्हणून त्यांचे अंगरखे ठेवून घेतले. हमाल राव या न्यायनिवाडा करणाऱ्या गुरूकडे गेले. राव म्हणाले, अंगरखे परत दे. मग हमालांनी सांगितलं, आम्ही गरीब आहोत, दिवसभर राबलो, उपाशी आहोत. तेव्हा राव यांनी मजुरीही द्यायला लावली. हाच कायदा आहे का, असं विद्वानाने दोन्ही वेळा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर 'हो' असंच आलं.

हक्क कागदावर पक्का असला, तरी समोरच्याची अवस्था पाहून तो किती ताणायचा, हे ठरवावं लागतं.

आज काय उरलं?

१९४८नंतर बहुतेक बेने इस्रायली इस्रायलला गेले. अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन आबोथ सिनेगॉग उभं आहे. २०१६मध्ये महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. घाणे गेले, वाड्यांचे भाव वाढले. पण सामाईक विहीर, बांधावरचं झाड आणि संध्याकाळी मजुरीची वाट पाहणारा माणूस आजही आहेत. त्यांच्याशी कसं वागायचं, हा प्रश्नही तसाच आहे.