कौल आणि आलेख

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यात कर्ली नदीच्या खोऱ्यात वसलेले वालावल लक्ष्मीनारायणाच्या जुन्या मंदिरासाठी आणि मंदिराला लागून असलेल्या तळ्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या कुडाळ-मालवण पट्ट्यातील गावांना बांधून ठेवणारी जी गावरहाटी, म्हणजे देवस्थान, मानकरी आणि गावकी यांच्या परस्पर हक्क-कर्तव्यांची परंपरागत व्यवस्था, तिच्यातील दोन प्रथा मनाच्या इतिहासाच्या दृष्टीने विशेष लक्ष देण्याजोग्या आहेत. पहिली प्रथा कौलाची. देवाच्या पाषाणाला किंवा मूर्तीला ओल्या पाकळ्या, कळे अथवा तांदूळ ठरावीक जागी चिकटवले जातात, गाऱ्हाणे घालून प्रश्न सर्वांसमक्ष मांडला जातो, आणि उजवीकडचा कळा आधी सुटला तर उजवा कौल, म्हणजे होकार, डावीकडचा सुटला तर डावा कौल, म्हणजे नकार, असा अर्थ घेतला जातो. दुसरी प्रथा अवसराची. देवतेचा संचार मानकऱ्याच्या अंगात होतो, त्याचे बोलणे-चालणे पालटते आणि त्या अवस्थेत तो गावाच्या प्रश्नांना उत्तरे देतो, अशी श्रद्धा आहे. दसऱ्याला देवतांच्या तरंगकाठ्या बाहेर निघाल्या की हे दृश्य या भागात अनेक ठिकाणी दिसते.

या प्रथांच्या खरेखोटेपणाचा निवाडा बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट नजरेत भरते. कौलात प्रश्न आधी ठरतो, चिन्ह नंतर उमटते, आणि कोणत्या चिन्हाचा काय अर्थ हे सगळ्यांना पूर्वीपासून ठाऊक असते. अवसरात मात्र चिन्ह आणि त्याचा अर्थ एकाच व्यक्तीच्या तोंडून एकाच वेळी बाहेर पडतात, त्यामुळे ऐकणाऱ्याची अपेक्षा आणि बोलणाऱ्याची अवस्था यांची सरमिसळ होण्यास भरपूर वाव राहतो. मेंदूच्या लहरी मोजून त्यांवरून माणसाबद्दल निष्कर्ष काढण्याचा जो उद्योग विसाव्या शतकात उभा राहिला आणि ज्यात महाराष्ट्र-गोव्याचा सहभाग समजतो त्याहून मोठा आहे, त्याला याच सरमिसळीने सतत छळले.

इंग्रजी अमदानीतील अधिकाऱ्यांनी कोकणातील अशा प्रथांची माहिती शाळामास्तरांकडून लेखी उत्तरांच्या रूपाने मागवली होती. ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवलेली ही सामग्री, नाशिकला १९०९ मध्ये त्यांची हत्या झाल्यानंतर, आर. ई. एन्थोवेन यांनी संपादित केली आणि १९१५ मध्ये तिचा कोकणविषयक खंड प्रसिद्ध झाला. त्यात अंगात येण्याची वर्णने आहेत, परंतु अंगात येते तेव्हा त्या माणसात नेमके काय घडते, हा प्रश्न संपादकाने विचारलेला नाही. तो प्रश्न सुमारे शंभर वर्षे आधी याच किनाऱ्यावरच्या एका माणसाने पॅरिसमध्ये विचारला होता.

जुझे कुस्तोदियु द फारिया, म्हणजे आबे फारिया, यांचा जन्म १७५६ मध्ये गोव्यातील कांदोळी येथे झाला. पॅरिसमध्ये १८१३ पासून ते जाहीर प्रयोग करीत आणि समोरच्या माणसाला केवळ ‘झोपा’ अशी आज्ञा देऊन ज्या अवस्थेत नेत, तिला ते सचेत निद्रा म्हणत. त्या काळी मेस्मरच्या अनुयायांचे म्हणणे असे होते की, प्रयोग करणाऱ्याच्या शरीरातून एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो आणि तो समोरच्यावर परिणाम करतो. फारिया यांनी हा द्रव साफ नाकारला. या अवस्थेचे कारण निजणाऱ्याच्या स्वतःच्या एकाग्रतेत, विश्वासात आणि अपेक्षेत आहे, प्रयोगकर्त्याच्या हातात नाही, असे त्यांनी १८१९ मध्ये, मृत्यूच्या वर्षीच, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला फारियांचा पुतळा १९४५ पासून उभा आहे, आणि त्यात निजणाऱ्या स्त्रीवर झेपावणारा संमोहनकार असा देखावा आहे. तो पाहणाऱ्याचा ग्रह मात्र नेमका उलटा होतो, की सारी शक्ती त्या पसरलेल्या हातांत आहे.

फारियांच्या सिद्धान्ताला मोजमापाची जोड मिळण्यास आणखी शतक जावे लागले. जर्मनीत येना येथे हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युत् बदल प्रथम टिपले आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले. कवटीवर लावलेल्या धातूच्या चकत्यांमधून व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांइतका सूक्ष्म विद्युद्दाब पकडून तो वाढवून कागदावर रेखाटला की जो आलेख मिळतो, त्याला ईईजी म्हणतात. त्यातील चढउतार सेकंदाला किती वेळा होतात यावरून लहरींचे पट्टे पाडले जातात: चारपेक्षा कमी ते डेल्टा, चार ते आठ थीटा, आठ ते तेरा अल्फा आणि त्यापुढे तीसपर्यंत बीटा. शांत बसून डोळे मिटले की डोक्याच्या मागील भागात अल्फा लहरी ठळक होतात आणि डोळे उघडताच त्या दबतात, ही बर्गरने पाहिलेली गोष्ट आजही कोणत्याही ईईजी कक्षात पहिल्या काही मिनिटांत पडताळून पाहता येते.

त्याच १९२४ मध्ये, केवळ योगायोगाने, जगन्नाथ गणेश गुणे म्हणजे स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत तपासल्या पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. उड्डियान आणि नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब किती उतरतो हे त्यांनी दाबमापकाने मोजले, क्ष-किरणांचा उपयोग केला, आणि त्या निर्वात स्थितीला आपले गुरू माधवदासजी यांचे नाव दिले. मेंदू अजून या प्रयोगांच्या टप्प्यात आलेला नव्हता. तरीही अनुभवाचे वर्णन आणि उपकरणाचा आकडा शेजारी ठेवून पाहण्याची जी शिस्त पुढील सर्व कामाला लागली, तिचा या प्रांतातील पाया येथे घातला गेला, असे म्हणण्यास हरकत नाही.

या शिस्तीची गरज किती होती हे हृदयाच्या प्रकरणावरून कळते. फ्रेंच हृदयतज्ज्ञ तेरेझ ब्रॉस १९३५ मध्ये भारतात आल्या आणि योगी हृदयाची क्रिया इच्छेने जवळजवळ थांबवू शकतो, असा अर्थ त्यांच्या आलेखातून निघाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे वेंगर आणि मिशिगन विद्यापीठाचे बसुकुमार बागची यांनी १९५७ मध्ये वाहून नेता येणारी उपकरणे घेऊन लोणावळ्यासह भारतभर प्रवास केला आणि दिल्लीच्या बाळकृष्ण आनंद यांच्यासह १९६१ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत मनगटाची नाडी लागत नसताना हृदय चालूच असल्याचे दिसले. श्वास रोखून आणि स्नायू ताणून छातीतील दाब वाढवल्यामुळे रक्ताचा परतीचा प्रवाह आणि नाडी क्षीण होत होती. योग्याने खोटे केले नव्हते आणि यंत्रही खोटे बोलले नव्हते. घाई अर्थ लावण्यात झाली होती.

मेंदूच्या आलेखाबाबत हा गोंधळ अधिकच वाढला. दास आणि गास्तो यांना १९५५ मध्ये क्रियायोग्यांच्या खोल ध्यानात जलद लहरी आढळल्या. आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत तपासलेल्या चार योग्यांमध्ये समाधीच्या काळात अल्फा लहरी टिकून राहिल्या आणि प्रखर प्रकाश, मोठा आवाज किंवा तापलेल्या काचनळीचा स्पर्श यांनीही त्या तुटल्या नाहीत. दोघांनी तर चार अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक काळ हात ठेवला. जपानमध्ये कासामात्सु आणि हिराई यांनी १९६६ मध्ये झेन साधकांवर प्रयोग केले, तेव्हा प्रत्येक टिचकीच्या आवाजाला अल्फा लहर नव्याने तुटत होती आणि तिला आवाजाची सवय होत नव्हती. ध्यान म्हटले की अमुकच लहर, असे समीकरण मांडू पाहणाऱ्यांनी हे तिन्ही निबंध एकत्र वाचायला हवे होते. लोकप्रिय पुस्तकांतून बहुधा सोयीचा तेवढाच एक उचलला गेला.

मोजण्याकडून शिकवण्याकडे जाण्याचा टप्पा अमेरिकेत ओलांडला गेला. शिकागो विद्यापीठात जो कामिया यांनी १९५८ च्या सुमारास अंधाऱ्या खोलीत पडलेल्या माणसाला घंटा वाजताच ‘आता अल्फा आहे की नाही’ हे ओळखायला लावले आणि प्रत्येक वेळी उत्तर बरोबर की चूक हे लगेच सांगितले. काही दिवसांच्या सरावाने उत्तरे बरोबर येऊ लागली, आणि पुढे ती अवस्था इच्छेने आणणेही अनेकांना जमले. आपल्याच मेंदूच्या स्थितीची तत्काळ माहिती देऊन ती बदलायला शिकवण्याच्या या पद्धतीला न्यूरोफीडबॅक हे नाव पडले. बॅरी स्टर्मन यांनी लॉस एंजेलिसमध्ये मांजरांना सेकंदाला बारा ते पंधरा आवर्तनांची लहर वाढवल्यावर खाऊ देण्याचा सराव दिला होता. नंतर एका वेगळ्याच कामासाठी अग्निबाणाच्या इंधनातील विषारी हायड्राझीनचा प्रयोग करताना, हीच मांजरे झटक्यांना इतरांपेक्षा अधिक काळ तग धरतात असे त्यांच्या ध्यानात आले, आणि १९७२ मध्ये त्यांनी अपस्माराच्या रुग्णावरील प्रयोग प्रसिद्ध केला. मांजरांवरील हे निरीक्षण या क्षेत्रातला एक बळकट पुरावा मानले जाते, कारण मांजराला उपचाराकडून कसलीही अपेक्षा नसते.

मुंबईत याच सुमारास के. ई. एम. रुग्णालयात वेगळ्या वाटेने काम चालले होते. एन. एस. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पातंजल योगावर आधारलेली उपचारपद्धती मनोरुग्णांसाठी वापरली आणि १९६६ मध्ये तिची माहिती ब्रिटिश नियतकालिकात दिली. त्यांच्या सहलेखकांत कैवल्यधामाशी संबंधित विनेकर होते. के. के. दाते यांच्या गटाने १९६९ मध्ये रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवरील शवासनाचे परिणाम प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये डॉक्टरी करणाऱ्या चंद्रा पटेल यांनी १९७३ मध्ये त्याच शिथिलीकरणाला त्वचेच्या विद्युत् रोधाची माहिती देणाऱ्या यंत्राची जोड दिली, आणि लोणावळ्याची व कामियांची वाट एका दवाखान्यात मिळाली.

प्रत्यक्ष सत्रात काय होते हे जवळून पाहिल्यास अर्थ लावण्याची अडचण स्पष्ट होते. डोक्याची त्वचा पुसून, चिकट वाहक लेप लावून, १९५८ मध्ये ठरलेल्या दहा-वीस पद्धतीनुसार, म्हणजे नाकाचे मूळ, डोक्यामागचा उंचवटा आणि कान यांमधील अंतराचे दहा व वीस टक्क्यांचे भाग पाडून, चकत्या बसवल्या जातात. आधी डोळे उघडे आणि मिटलेले अशा दोन्ही स्थितींत काही मिनिटांचा मूळ आलेख घेतला जातो, मग एखाद्या पट्ट्यासाठी उंबरठा ठरवतात, आणि लहर तो ओलांडेल तेव्हाच पडद्यावरचे चित्र पुढे सरकते. आता रुग्णाने दात आवळले की जबड्याच्या स्नायूंची वीज बीटा पट्ट्यात घुसते, पापणी लवली की पुढच्या चकत्यांवर डेल्टासारखी मोठी लाट उठते, आणि रात्री झोप झाली नसेल तर थीटा वाढतो. संगणक या साऱ्याची सरासरी काढून निरोगी माणसांच्या संचिकेशी तुलना करतो आणि डोक्याचा रंगीत नकाशा छापून देतो. ज्याने मूळ रेषा पाहिलेल्या नाहीत, त्याला तो लाल भाग मेंदूचा आहे की जबड्याचा हे कळणार नाही. शिवाय शेकडो आकड्यांची तुलना केली की त्यांतील काही निव्वळ योगायोगानेच नेहमीच्या मर्यादेबाहेर पडतात, ही गोष्ट अशा नकाशावर छापलेली नसते.

अर्थ लावण्यातील या घाईची सर्वांत गंभीर किंमत महाराष्ट्रात न्यायालयात मोजली गेली. सी. आर. मुकुंदन यांनी विकसित केलेल्या चाचणीत संशयिताच्या डोक्यावर चकत्या बसवून त्याला गुन्ह्यासंबंधीची प्रथमपुरुषी वाक्ये ऐकवली जात, त्याने काही बोलायचे नसे, आणि ती घटना त्याच्या ‘अनुभवात’ आहे की नाही हे संगणकप्रणाली सांगत असे. मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत झालेल्या अशा चाचणीचा अहवाल, इतर पुराव्यांच्या जोडीने, पुण्याच्या सत्र न्यायालयाने जून २००८ मध्ये एका खून खटल्यातील शिक्षेला आधार म्हणून स्वीकारला आणि जगभरच्या मज्जाशास्त्रज्ञांनी त्यावर टीका केली. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला की, अशी चाचणी संमतीवाचून करणे हे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न होण्याच्या घटनादत्त हक्काचे आणि वैयक्तिक स्वातंत्र्याचे उल्लंघन आहे. न्यायालयाचा मुख्य भर हक्कांवर होता. परंतु वाक्य ओळखीचे वाटणे आणि कृत्य स्वतः केलेले असणे यांतील फरक आलेख दाखवू शकतो का, ही शंका त्या वादाच्या मुळाशी होती. बातमी वाचूनही वाक्य ओळखीचे वाटू शकते.

मुलांच्या अवधानदोषाबाबत निकाल अधिक संथपणे लागला. जोएल लुबार यांनी थीटा आणि बीटा यांचे गुणोत्तर घटवण्याचा सराव पुढे आणला, आणि त्या गुणोत्तरावर आधारलेल्या निदान-साहाय्यक उपकरणाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये परवानगी दिली. तथापि २०१६ मध्ये तेथील मज्जाविकारतज्ज्ञांच्या संस्थेने प्रत्यक्ष तपासणीच्या जागी हे गुणोत्तर वापरू नये, असा सल्ला दिला. त्यानंतर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सात ते दहा वर्षांच्या १४४ मुलांना न्यूरोफीडबॅकची ३८ सत्रे देण्यात आली. त्यांतील एका गटाला स्वतःच्या नव्हे, तर दुसऱ्या मुलाच्या आधी नोंदवलेल्या लहरींवरून प्रतिसाद मिळत होता, आणि फसवणूक कळू नये म्हणून त्या मुलाच्या स्वतःच्या पापण्यांच्या व स्नायूंच्या खुणा त्यात मिसळल्या होत्या. पालक, शिक्षक आणि प्रशिक्षक यांपैकी कोणालाही कोणते मूल कोणत्या गटात आहे हे ठाऊक नव्हते. दोन्ही गटांतील मुलांची लक्षणे लक्षणीय प्रमाणात कमी झाली, ती सुधारणा तेरा महिन्यांनंतरही बव्हंशी टिकली, आणि गटागटांत फरक आढळला नाही.