रोशाचे तेल आणि डोंगराचा उतार

भोकरदनच्या उत्तरेस अजिंठ्याची रांग ओलांडली की खानदेश लागतो. तेथील रोशा गवताचे तेल सांधेदुखीवर चोळीत. एकोणिसाव्या शतकात ते मुंबईहून तुर्कस्तानास जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई! उघड्या, कोरड्या उतारावरच्या ‘मोतिया’त सुगंधी जिरॅनिऑल भरपूर, दमट रानातल्या ‘सोफिया’त कमी. कोणी हा गवताच्या वयाचा गुण म्हणे, कोणी जमिनीचा. पुढे वाणच निराळे ठरले. तरी एकाच वाणाचे तेल माती, पाऊस व कापणीची वेळ यांप्रमाणे बदलतेच. वाफ गार करण्यास पाणी हवे, म्हणून भट्ट्या ओढ्याकाठी. मोतिया मात्र उतारावर. भारे खाली आणणाऱ्यांचे श्रम तेलाच्या भावात कितीसे धरीत, हे आम्ही आधी विचारू.