उशाशी बसून केलेले संशोधन

आपल्या भागाला विंचू नवा नाही. शहाबादी फरशीचा ढीग हलवताना, बीदरच्या जांभ्याच्या भिंतीत हात घालताना, तुराट्या उचलताना नांगी बसलेला माणूस प्रत्येक जुन्या घराने पाहिला आहे. मंत्राने विंचू उतरल्याच्या कथाही आपण ऐकल्या आहेत. काळ्या विंचवाने बहुधा नुसत्या वेदना होतात. त्या आपोआप ओसरतात आणि श्रेय मंत्राला मिळते. लाल विंचवाची गोष्ट वेगळी. त्याच्या विषाने रुग्ण घामाने न्हातो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, मग हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. लेकरे यात लवकर दगावतात.

यावर उपाय शोधणारे डॉ. हिंमतराव बावस्कर तसे आपल्याच मुलखातले. त्यांचा जन्म १९५१चा, आजच्या जालना जिल्ह्यातील देहेड गावचा. तेव्हा ते गाव आणि आपले बीदर-गुलबर्गा एकाच हैदराबाद राज्यात होते. १९७६ साली ते कोकणात, महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण तेथे डोळ्यांदेखत जात होते. अतिदक्षता विभाग नव्हता. बावस्कर रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसले. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी करत राहिले. धोका कोणत्या खुणांनी आधी कळतो, हे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात मांडले.

या विषामुळे शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो आणि रक्तवाहिन्या आवळतात. त्या सैल केल्या की हृदयावरचा भार उतरतो. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी नेमके तेच करते. १९८६ साली तिचा अनुभव त्यांनी ‘लॅन्सेट’मध्येच छापला. पूर्वी अशा गंभीर रुग्णांत शंभरी तीसच्या आसपास मृत्यू होत. ते प्रमाण पुढे अगदी थोड्या टक्क्यांवर आले.

येथे थांबले असते तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु विंचवाचे प्रतिविष हाती आल्यावर प्रश्न उरला : गोळी पुरे, की प्रतिविषही द्यावे? डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी महाडमध्ये ७० रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गटांत विभागले. गोळी सर्वांना, प्रतिविष एकाच गटाला. दहा तासांत पूर्ण बरे झालेले प्रतिविषाच्या गटात ३५ पैकी ३२ निघाले. नुसत्या गोळीच्या गटात ३५ पैकी ८. हा निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. आपलीच गोळी एकटी उणी पडते, हे सांगणारा आकडा त्यांनी स्वतः जगापुढे ठेवला. मला त्यांच्या कार्यातले हे सर्वांत मोठे पान वाटते.

या शिस्तीची किंमत २०२०ने आपल्याला दाखवली. देशातील करोनाचा पहिला मृत्यू आपल्या कलबुर्गीचा, त्या वर्षीच्या मार्चमधला. पुढे बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा मिळवण्यासाठी देशभर नातलगांनी धावाधाव केली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ३९ रुग्णालयांत ४६४ मध्यम आजारी रुग्णांवर तो पारखला. आजार बळावणे किंवा मृत्यू, याचे प्रमाण प्लाझ्मा घेतलेल्यांत १९ टक्के आणि न घेतलेल्यांत १८ टक्के निघाले. ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत मात्र व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू नेहमीच्या उपचारांत ४१ टक्के, तर डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टेरॉइड दिलेल्यांत २९ टक्के होते. मोजले नसते तर यातले काहीच कळले नसते.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर, म्हणून हे मुद्दाम लिहितो. साध्या दुखण्यात माणूस अंगच्या शक्तीनेही उठतो, आणि मांत्रिक, वैद्य, डॉक्टर अशा सर्वांनाच आपल्या हाताचा गुण आला असे वाटते. अत्यवस्थ रुग्णापाशी हा भ्रम जिवावर बेततो. तेथे कोणत्याही पॅथीचा अभिमान दाराबाहेर ठेवावा. विंचू चावल्यावर घाम, उलटी, गार हातपाय दिसले, तर मंत्रात, झाडपाल्यात किंवा माझ्या साखरगोळ्यांतही वेळ न घालवता रुग्णाला थेट मोठ्या दवाखान्यात न्यावे. आणि विंचू दिसला तर आमच्या जैन घरांत करतात तसे करावे : चिमट्याने उचलून दूर सोडावा, आणि जोडे मात्र रोज झटकून घालावेत.