अमेरिकेची राज्यघटना आणि भारतीय संविधान

अमेरिकेची राज्यघटना ही आजही अमलात असलेल्या लिखित राज्यघटनांपैकी सर्वांत जुन्या राज्यघटनांमध्ये गणली जाते. १७ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फिया येथे तिच्यावर स्वाक्षऱ्या झाल्या आणि १७८९ पासून तिच्यानुसार कारभार सुरू झाला. भारतीय संविधानाच्या शिल्पकारांनी या घटनेतील न्यायालयाने रक्षण करावयाच्या हक्कांची कल्पना स्वीकारली; अध्यक्षीय शासनपद्धती मात्र विचारपूर्वक नाकारली. या निवडीची कारणे मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना स्पष्ट केली. आंबेडकरांचे १९१३ ते १९१६ या काळातील शिक्षण न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात झाले होते.

अमेरिकन राज्यव्यवस्थेची रचना

मूळ घटनेत केवळ सात कलमे आहेत. पहिल्या तीन कलमांन्वये सत्ता तीन स्वतंत्र शाखांकडे सोपविलेली आहे. कायदे करण्याचा अधिकार काँग्रेस या विधिमंडळाकडे आहे. काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात ४३५ सदस्य असून त्यांची मुदत दोन वर्षांची असते. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन याप्रमाणे १०० सदस्य असून त्यांची मुदत सहा वर्षांची असते. कार्यकारी सत्ता चार वर्षांसाठी निवडलेल्या राष्ट्राध्यक्षाकडे असते. त्याची निवड ५३८ निर्वाचकांचे मंडळ करते व त्यासाठी किमान २७० मते लागतात. त्यामुळे देशभरात कमी मते मिळालेला उमेदवारही निवडून येऊ शकतो. २००० व २०१६ मध्ये असेच घडले. न्यायदान सर्वोच्च न्यायालय व त्याखालील संघीय न्यायालये करतात.

कोणतीही शाखा निरंकुश होऊ नये म्हणून प्रत्येकीवर इतरांचा अंकुश ठेवलेला आहे. काँग्रेसने संमत केलेले विधेयक राष्ट्राध्यक्ष नाकारू शकतो. दोन्ही सभागृहे दोन तृतीयांश बहुमताने तो नकार रद्द करू शकतात. न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतो, परंतु तिला सिनेटची संमती आवश्यक असते. घटनाविरोधी कायदा रद्द ठरविण्याचा न्यायालयाचा अधिकार घटनेत शब्दशः लिहिलेला नाही. तो १८०३ मधील मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्याने प्रस्थापित झाला.

स्थैर्य की उत्तरदायित्व

लोकशाहीतील कार्यकारी मंडळ स्थिर असावे आणि उत्तरदायीही असावे. परंतु ही दोन्ही उद्दिष्टे सारख्याच प्रमाणात साधणारी पद्धती अद्याप सापडलेली नाही, असे आंबेडकरांचे प्रतिपादन होते. अमेरिकन पद्धती स्थैर्याला प्राधान्य देते, तर संसदीय पद्धती उत्तरदायित्वाला. मसुद्याने उत्तरदायित्वाची निवड केली. संसदीय पद्धतीत प्रश्न, ठराव व अविश्वास प्रस्ताव यांच्याद्वारे सरकारची परीक्षा दररोज होते आणि निवडणुकीत मतदारांकडून ती पुन्हा होते. त्यामुळे भारतासारख्या देशाला ती अधिक आवश्यक आहे, असे त्यांचे मत होते.

हा फरक १९९९ मधील दोन घटनांवरून स्पष्ट होतो. प्रतिनिधिगृहाने महाभियोग चालवूनही, सिनेटमध्ये दोन तृतीयांश मते न पडल्याने १२ फेब्रुवारी रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन दोषमुक्त ठरले व पदावर कायम राहिले. १७ एप्रिल रोजी अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार लोकसभेत अवघ्या एका मताने पराभूत झाले आणि त्याला राजीनामा द्यावा लागला. त्या सरकारवर कोणताही गुन्हा शाबीत व्हावा लागला नाही. सभागृहाचा विश्वास गमावणे पुरेसे ठरले.

संघराज्याचे स्वरूप

अमेरिकेतील ५० राज्यांना स्वतःची राज्यघटना आहे आणि तेथील रहिवासी देशाचा व राज्याचा असा दुहेरी नागरिक असतो. भारतात एकेरी नागरिकत्व आहे. वसईच्या पाचूबंदरात राहणारा मतदार भारताचा नागरिक असतो. महाराष्ट्राचे वेगळे नागरिकत्व त्याला नसते. वरिष्ठ सभागृहातील प्रतिनिधित्वही भिन्न आहे. राज्यसभेत महाराष्ट्राला १९ व गोव्याला एक जागा आहे, तर सिनेटमध्ये लहानमोठ्या सर्व राज्यांना समान जागा मिळतात.

अमेरिकेत संबंधित विधिमंडळाच्या संमतीवाचून राज्याचे विभाजन करता येत नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३ नुसार संसद साध्या कायद्याने राज्यांच्या सीमा बदलू शकते. विधिमंडळाचे केवळ मत मागविले जाते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अशाच कायद्याने अस्तित्वात आली.

हक्क आणि समता

अमेरिकन घटनेतील पहिल्या दहा दुरुस्त्या १७९१ मध्ये संमत झाल्या व त्यांतून नागरिकांचे हक्क निश्चित झाले. तथापि ते सर्वांसाठी नव्हते. मूळ घटनेने प्रतिनिधित्वासाठी पाच गुलामांची गणना तीन व्यक्ती म्हणून केली होती. यादवी युद्धानंतर १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता.

१८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीतील कायद्याच्या समान संरक्षणाचे तत्त्व भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १४ मध्ये आढळते. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद १३ ने मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे शून्य ठरविले, तर अनुच्छेद ३२ ने हक्कभंगाविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची मुभा दिली. अमेरिकेत न्यायनिर्णयाने मिळालेले संरक्षण भारतात अशा प्रकारे संविधानातच नमूद झाले.

घटनादुरुस्ती

अमेरिकेत दुरुस्तीचा प्रस्ताव सामान्यतः दोन्ही सभागृहांच्या दोन तृतीयांश मतांनी मांडला जातो व त्याला तीन चतुर्थांश, म्हणजे ३८ राज्यांची मान्यता लागते. त्यामुळे आजवर केवळ २७ दुरुस्त्या झाल्या आहेत. भारतात ही संख्या शंभराहून अधिक आहे. मात्र १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यातील निर्णयानुसार संसदेला संविधानाची मूलभूत चौकट बदलता येत नाही.